मेलेल्या वानराचा निरोप

जानेवारी उजाडला की सह्याद्रीच्या दोन्ही अंगांना वसलेल्या आमच्या गावांतील माणसांची पावले रानाकडे वळतात. कोणी गोठ्यासाठी पातेरा गोळा करावयास जातो, कोणी सरपणासाठी, तर कोणी काजूच्या बागेत साफसफाई करावयास. पुढे फेब्रुवारी-मार्चात बोंडू पिकू लागले म्हणजे कित्येक कुटुंबे दिवसच्या दिवस बागेतच काढतात. अशा वेळी वाटेत, ओहळाच्या काठी किंवा एखाद्या झाडाखाली वानर मरून पडलेले दिसते. हे दृश्य रानाशेजारच्या माणसाला नवे नाही, आणि नवे नाही म्हणूनच त्याकडे पाहण्याची आपली रीतही ठरून गेलेली आहे. कोणी नाकाला पदर लावून पुढे जाते. मुले काठीने डिवचून पाहतात. कुत्री ते ओढीत वस्तीजवळ आणतात. आमचे हिंदू शेजारी, ज्यांच्या मनात वानराविषयी पूज्यभाव आहे, ते कित्येक ठिकाणी त्यास फुले वाहून रीतसर माती देतात.

या आठवड्यात आम्हांस आमच्या वाचकांपुढे जे ठेवावयाचे आहे ते एवढेच की, रानात मेलेले वानर हा गावाला आलेला एक निरोप असू शकतो. तो वेळेवर योग्य ठिकाणी पोचला तर माणसांचे प्राण वाचतात. तो वाटेतच विरला तर त्याचा जाब पुढे कोणाच्या तरी घरातील कर्त्या माणसाला द्यावा लागतो. हे आम्ही अलंकारिक भाषेत बोलत नाही. यामागे साठ-सत्तर वर्षांचा इतिहास आहे, आणि तो आमच्या अगदी शेजारी घडलेला आहे.

सन १९५७ ची गोष्ट. तेव्हाच्या म्हैसूर राज्यात, शिमोगा जिल्ह्यातील सोरब तालुक्यात, क्यासनूर नावाचे एक रान आहे. त्या रानात वानरे पटापट मरून पडत असल्याची वार्ता बाहेर आली. त्याच सुमारास भोवतालच्या खेड्यांतील माणसेही कडक तापाने अंथरूण धरू लागली. पुण्यास १९५२ साली भारतीय वैद्यकीय संशोधन परिषद व अमेरिकेतील रॉकफेलर प्रतिष्ठान यांनी मिळून एक विषाणू संशोधन केंद्र स्थापिले होते. आज तीच संस्था राष्ट्रीय विषाणुविज्ञान संस्था या नावाने ओळखली जाते. तेथील डॉ. टेलफर्ड वर्क, डॉ. हॅरल्ड ट्रॅपिडो व त्यांचे सहकारी या रानात येऊन दाखल झाले. त्यांच्या मनात एक मोठी धास्ती होती. आफ्रिका व दक्षिण अमेरिका या खंडांत पीतज्वर नावाचा एक भयंकर रोग आहे. तो डासांमुळे पसरतो, आणि दक्षिण अमेरिकेत त्याची पहिली चाहूल जंगलातील माकडांच्या मरणाने लागते. हिंदुस्थानात तो कधीच आलेला नाही. परंतु तो वाहून नेणारा डास मात्र येथे घरोघर आहे. तेव्हा तो रोग तर देशात शिरला नाही ना, ही शंका साहजिकच होती.

तपासाअंती निष्पन्न झाले ते निराळेच. मेलेल्या वानरांतून जो विषाणू हाती लागला तो पीतज्वराचा नव्हता. रशियातील जंगलांत आढळणाऱ्या एका मेंदूज्वराच्या विषाणूच्या कुळातला तो होता, आणि जगाला तोपर्यंत अपरिचित होता. तो पसरविणारा जीव डास नव्हे, तर रानातील गोचीड होती. त्या रानावरूनच या रोगास क्यासनूर जंगल रोग असे नाव पडले.

या हकीकतीतील एक बारकावा आम्हांस विशेष मोलाचा वाटतो. शास्त्रज्ञांनी नाव देण्यापूर्वीच त्या भागातील कानडी शेतकऱ्यांनी या तापाला स्वतःचे नाव दिलेले होते. ते त्याला मंगन कायिले, म्हणजे माकडाचा आजार, असे म्हणत. वानरे मरतात आणि मागोमाग माणसे पडतात, ही सांगड प्रयोगशाळेने नव्हे, तर सरपण आणणाऱ्या व गुरे चारणाऱ्या माणसांनी प्रथम घातली. शास्त्राने पुढे ती पारखून खरी ठरविली व तिचे कारण शोधून काढले. तेव्हा खेडवळ माणसाच्या डोळ्यांना या कामात काय किंमत आहे, हे निराळे सांगावयास नको.

आता हा रोग चालतो कसा, ते थोडक्यात पाहू. ज्या जातीची गोचीड यात मुख्य आहे तिच्या आयुष्याच्या तीन अवस्था असतात, आणि प्रत्येक अवस्थेत तिला एकदा रक्त लागते. अंड्यातून निघालेले अगदी बारीक पिलू उंदीर, चिचुंद्री, खार, जमिनीवर चरणारे पक्षी किंवा वानर यांना चिकटते. त्या प्राण्याच्या रक्तात विषाणू असेल तर तो गोचिडीच्या अंगात शिरतो आणि तिने कात टाकली तरी नाहीसा होत नाही. दुसऱ्या अवस्थेतील गोचीड खसखशीच्या दाण्याएवढी असते. ती पातेऱ्यावर, गवताच्या पात्यावर टपून बसते, आणि माणसाला चावते ती प्रायः हीच. पावसाळा सरल्यानंतरच्या कोरड्या महिन्यांत ती फार असते. म्हणून डिसेंबरपासून मे महिन्यापर्यंत या तापाचा हंगाम असतो. तिसऱ्या अवस्थेतील मोठी गोचीड गुरांच्या अंगावर पोसते. गुरांना या रोगाची विशेष बाधा होत नाही. परंतु त्यांच्या रक्तावर गोचिडींची प्रजा वाढते, आणि रानात चरून आलेली गुरे ती वस्तीजवळ आणून सोडतात.

या साखळीत वानराचे स्थान फार नाजूक आहे. काळ्या तोंडाचे वानर आणि लाल तोंडाचे माकड, ज्यास कोकणात केलडे म्हणतात, या दोघांनाही हा विषाणू झपाट्याने ग्रासतो. त्यांच्या रक्तात तो विपुल वाढतो व शेकडो गोचिडींना मिळतो. वानर मरून पडले आणि त्याचे शरीर थंड झाले, की अंगावरच्या गोचिडी त्यास सोडून भोवतालच्या पातेऱ्यात उतरतात. अर्थात् ज्या जागी वानर मेले ती जागा पुढे कित्येक दिवस धोक्याची ठरते. मेलेले वानर जितके धोकादायक, तितकाच त्याच्याभोवतालचा पाचोळाही धोकादायक, हे ध्यानात धरावे.

माणसाला गोचीड चावल्यावर तीन ते आठ दिवसांत एकाएकी थंडी वाजून कडक ताप भरतो. डोके व अंग असह्य दुखते, डोळे लाल होतात, ओकाऱ्या व जुलाब होतात, आणि कोणाच्या हिरड्यांतून वा नाकातून रक्त येते. पुष्कळ रोगी आठ-पंधरा दिवसांत सुधारतात. काहींना मात्र मधे बरे वाटून पुन्हा ताप येतो. त्या वेळी मान आखडणे, हातापायांस कंप सुटणे, भ्रम होणे अशी मेंदूच्या बाधेची चिन्हे दिसतात. शंभर रोग्यांमागे तीन ते पाच दगावतात. या विषाणूवर नेमके असे औषध नाही. वेळीच रुग्णालयात नेऊन शरीरातील पाणी, रक्त व इतर गोष्टी सांभाळणे हाच उपाय आहे. हा रोग एका माणसापासून दुसऱ्यास होत असल्याचे आढळलेले नाही. तेव्हा रोग्याची शुश्रूषा करण्यास वा त्याच्या घरी जाण्यास भिण्याचे कारण नाही.

पूर्वी असे समजले जाई की, हा शिमोग्याचा व त्याच्या आसपासचा आजार आहे, आमचा नव्हे. तो समज आता टिकणारा नाही. १९८२-८३ च्या सुमारास दक्षिण कन्नड जिल्ह्यातील बेळतंगडी तालुक्यात काजूची लागवड करण्यासाठी दाट रान तोडण्यात आले, आणि लगेच तेथे या तापाची मोठी साथ उसळली. २०१२ मध्ये म्हैसूरच्या दक्षिणेकडील बंदीपूरच्या जंगलात मेलेल्या माकडांत हा विषाणू सापडला. त्यानंतर केरळातील वायनाड भागातही तो आढळला. २०१५ साली गोव्यात, सत्तरी तालुक्यातील पाळी गावात माणसे आजारी पडली. २०१६ च्या आरंभी सिंधुदुर्ग जिल्ह्यातील दोडामार्ग तालुक्यात केर गावी तो प्रकटला, आणि पुढल्या वर्षी सावंतवाडी तालुक्यातील बांदा भागात पसरला. तेथील लोक त्यास माकडताप म्हणतात. त्याच २०१६ साली बेळगाव भागातून काजूच्या हंगामासाठी गोव्यात मजुरीस गेलेल्या माणसांतही हा ताप निघाला. राज्यांच्या सीमा माणसांनी आखलेल्या आहेत. सह्याद्रीचे रान मात्र एकच आहे, आणि पोट भरण्यासाठी माणसे त्या सीमा रोज ओलांडतात.

अशा रोगावर पहारा कसा ठेवतात, हे आमच्या पुष्कळ वाचकांस ठाऊक नसेल. रोगी रुग्णालयात आल्यावर त्याचे रक्त तपासणे, हा पहाऱ्याचा शेवटचा टप्पा होय. कारण तोवर रोग घरात शिरलेला असतो. खरा पहारा त्याच्या आधी रानातच ठेवावा लागतो. आरोग्य खात्याची माणसे पांढऱ्या फ्लॅनेलचे कापड पातेऱ्यावरून सावकाश ओढीत नेतात. गोचिडी त्यास चिकटतात. त्या चिमट्याने वेचून कुप्यांत भरतात, जातवार निवडतात व प्रयोगशाळेत तपासतात. कोणत्या रानातील गोचिडींत विषाणू आहे, हे माणूस आजारी पडण्यापूर्वी समजावे, हा त्याचा हेतू. दुसरा पहारा वानरांच्या मरणावर. शिमोगा जिल्ह्यात १९६४ ते १९७३ या दहा वर्षांत एक हजाराहून अधिक वानर-माकडांच्या मरणांची नोंद ठेवली गेली. त्यांत काळ्या तोंडाची वानरे फार अधिक होती. या नोंदी एखाद्या साहेबाने कचेरीत बसून केलेल्या नव्हेत. प्रत्येक नोंदीमागे कोणी तरी रानात मेलेले जनावर पाहिलेले असते व ते येऊन सांगितलेले असते.

असाच पहारा डासांवरही ठेवतात. जपानी मेंदूज्वर नावाचा रोग आपल्या देशात १९५५ पासून ठाऊक आहे. त्याचा विषाणू बगळ्यांसारख्या पाणपक्ष्यांत व डुकरांत वाढतो आणि भातशेतीच्या साचलेल्या पाण्यात निपजणारे डास तो माणसाच्या लेकरापर्यंत आणतात. डुक्कर स्वतः सहसा आजारी दिसत नाही. परंतु त्याच्या रक्ताची तपासणी केल्यास त्या गावात विषाणू फिरत आहे की नाही, हे उमजते. म्हणून तपासनीस तिन्हीसांजेस विजेरी व काचेची नळी घेऊन गोठ्यात व डुकरांच्या खुराड्यापाशी डास पकडावयास येतात. ज्यांच्या घरी डुकरे आहेत त्यांस हा प्रकार चमत्कारिक वाटतो. तो चमत्कारिक नाही. ते तुमच्या मुलांसाठी राखण करीत असतात.

या राखणीचे फळ केव्हा मिळेल, हे कोणी सांगू शकत नाही. १९४७ साली आफ्रिकेतील युगांडा देशात झिका नावाच्या रानात काही संशोधक पीतज्वराचा माग काढीत होते. त्यांनी झाडांवर मचाणे बांधून त्यांवर पिंजऱ्यांत माकडे ठेविली होती. त्यांपैकी एकास ताप आला, आणि त्याच्या रक्तात एक अनोळखी विषाणू सापडला. पुढल्या वर्षी तोच त्या रानातील डासांतही मिळाला. तेव्हा त्याचे महत्त्व कोणास वाटले नाही. परंतु २०१५ मध्ये ब्राझील देशात त्याच झिका विषाणूची प्रचंड साथ आली व पुष्कळ मातांच्या पोटी लहान डोक्याची बालके जन्मास आली, तेव्हा त्या शत्रूचे नाव व कुळ निदान ठाऊक होते. एका माकडाच्या तापाची नोंद अडुसष्ट वर्षांनी कामास आली.

त्याच ब्राझीलमध्ये २०१६-१७ साली याच्या अगदी उलट प्रकारही घडला. पीतज्वराने जंगलातील माकडे मरू लागली. ती माकडे म्हणजे आधी मिळालेली सूचना होती. परंतु रोग माकडेच आणतात अशा समजुतीने काही ठिकाणी लोकांनी जिवंत माकडांनाच ठार मारले. सरकारला लोकांस सांगावे लागले की, बाबांनो, माकडे तुमचे वैरी नव्हेत, ती तुमच्या आधी बळी पडत आहेत. आमच्या भागातही केळी, नारळ व भाजीपाला यांची नासधूस करणाऱ्या माकडांवर लोकांचा राग आहे, आणि तो राग अगदीच निराधार आहे असे आम्ही म्हणणार नाही. तथापि रोगाच्या भीतीने माकडे मारण्यात शहाणपण नाही. मारलेल्या माकडाच्या अंगावरील गोचिडी मारणाऱ्याच्याच पायाशी उतरतात, आणि पुढची सूचना देणारे कोणी उरत नाही.

आता मुख्य प्रश्नाकडे वळू. वानर मेलेले दिसते, तरी ते कळविले का जात नाही? आळस हे एक कारण आहेच. परंतु त्याहून बळकट कारण भीती हे होय. गावात माकडताप आहे असा बोभाटा झाला तर आमचा काजू कोण घेईल? हंगामाला मजूर कसे येतील? पाहुणे-सोयरे येण्याचे टाळतील काय? सरकारी माणसे येऊन बागेत जाण्यास मज्जाव तर करणार नाहीत ना? वर्षभराची मिळकत ज्या तीन महिन्यांत हाती यावयाची, त्याच तीन महिन्यांत हा रोग येतो. तेव्हा बागाईतदाराच्या या भीतीस हसण्याचे कारण नाही. त्याच्या घरी मुलांच्या शाळेचा खर्च आहे, फेडावयाचे कर्ज आहे.

परंतु या भीतीची किंमत कोण मोजतो, याचाही विचार व्हावा. बागाईतदार सकाळी फेरी मारून परततो. दिवसभर वाकून पाचोळ्यातील बोंडू वेचते ती मजूर बाई. तिच्या पायांत वहाणही नसते. दुपारी ती त्याच पाचोळ्यावर बसून भाकरी खाते व तेथेच तान्ह्या मुलाला निजविते. ती कदाचित खानापुराकडून आलेली असेल. त्या रानात गेल्या आठवड्यात वानर मेले होते, हे तिला कोणी सांगितलेले नसते. ताप आला तरी हजेरी बुडेल म्हणून ती दोन दिवस तो अंगावर काढते, आणि मग गावी परतून तिथल्या दवाखान्यात जाते. तेथील डॉक्टरास ती कोणत्या रानातून आली, याची कल्पना नसते. अशा रीतीने एका गावाने दडविलेला निरोप दुसऱ्या गावात मरण घेऊन पोचतो. शेजारधर्म म्हणून जो आपण म्हणतो त्याची कसोटी येथे लागते. जो आपल्या ओळखीचा नाही, जो हंगाम सरला की निघून जाणार, तोही आपला शेजारीच होय.

शिवाय आज आपली ढाल पूर्वीपेक्षा पातळ झालेली आहे, हेही सांगितले पाहिजे. कर्नाटकात १९९० पासून या रोगाची लस टोचली जात असे. तिचा गुण पुरेसा येत नाही असे दिसून आल्यावर २०२२ साली तिचा वापर थांबविण्यात आला. नवी लस तयार करण्याचे प्रयत्न चालू आहेत. परंतु ती गावोगावी पोचेपर्यंत, वेळेवर मिळालेली सूचना आणि स्वतःची खबरदारी, एवढीच दोन साधने आपल्या हाती आहेत.

येथे अधिकाऱ्यांसही दोन शब्द सांगणे प्राप्त आहे. गावकऱ्याने रोजगार बुडवून खबर द्यावी, आणि त्यास या खात्यातून त्या खात्यात धाडावे, हे बरे नव्हे. वानर रानातले म्हणून वनखात्याचे, जनावर म्हणून पशुवैद्याचे आणि रोग माणसाचा म्हणून आरोग्य खात्याचे, अशी वाटणी कागदावर शोभते. मेलेल्या वानराला ती कळत नाही. तिन्ही खात्यांनी मिळून कोणाकडेही दिलेली खबर पुरेशी मानावी. दुसरी गोष्ट अशी की, नमुना नेला की त्याचा निकाल गावास कळवावा. तपासाअंती वानर विजेच्या तारेस चिकटून किंवा कुत्र्यांनी फाडल्याने मेले असे ठरले, तर तेही येऊन सांगावे. लोकांनी खबर द्यावी आणि उत्तर कधीच मिळू नये, असे दोन-तीनदा झाले की चौथ्यांदा कोणी येत नाही. विश्वास हाही एक पहाराच आहे. तो उठला की बाकीचे पहारे लुळे पडतात.

आता प्रत्यक्ष काय करावे ते सांगतो. रानात वा बागेत वानर किंवा माकड मेलेले अथवा मरणोन्मुख दिसल्यास त्याच्या जवळ जाऊ नये. जागेची खूण नीट ध्यानात ठेवावी. त्याच दिवशी वनरक्षक, प्राथमिक आरोग्य केंद्र, गुरांचा दवाखाना किंवा पंचायत यांपैकी जे जवळ असेल तेथे कळवावे. त्याच दिवशी असे आम्ही मुद्दाम म्हणतो. कारण उन्हाने कुजलेल्या शरीरातून तपासणीस योग्य असा नमुना मिळत नाही. मुलांना, कुत्र्यांना व गुरांना त्या बाजूस जाऊ देऊ नये. आपण होऊन ते पुरू नये, जाळू नये, ओढून दूर टाकू नये. अंगभर संरक्षक पोशाख केलेली शिकलेली माणसे येऊन नमुना घेतात, प्रेताची विल्हेवाट लावतात व भोवताली कीटकनाशक पूड टाकतात. प्रयोगशाळेत खबरदारी घेऊन काम करणाऱ्या कित्येकांनाही या विषाणूची बाधा झालेली आहे. मग उघड्या हातांनी काम करणाऱ्याची काय कथा! ज्या शेजाऱ्यांना त्या वानरास माती देण्याची इच्छा असेल त्यांच्याशी वाद घालू नये. नमुना नेल्यावर दुरून फुले वाहता येतील, एवढे त्यांस गोडीने सांगावे. भावना दुखावली म्हणजे माणूस पुढल्या वेळी गुपचूप माती देतो, आणि निरोप मातीत जातो.

रानात जाताना अंग व पाय झाकणारे कपडे घालावेत. गोचीड दूर ठेवणारे तेल आरोग्य केंद्रातून मिळत असल्यास उघड्या अंगास लावावे. उघड्या पाचोळ्यावर बसू नये, मुलास निजवू नये. परतल्यावर कपडे गरम पाण्यात टाकावेत, साबण लावून ऊन पाण्याने स्नान करावे, आणि काखा, जांघा, कानामागची जागा व मुलांची डोकी तपासावीत. गोचीड चिकटलेली आढळल्यास चिमट्याने कातडीलगत धरून सरळ ओढून काढावी. बोटांनी चिरडू नये. गुरांच्या गोचिडींचा बंदोबस्त पशुवैद्याच्या सल्ल्याने करावा. पातेऱ्याचे ढीग घराच्या भिंतीला लागून रचू नयेत. आणि ताप आल्यास डॉक्टरास विचारण्याची वाट न पाहता आपण होऊन सांगावे की, आम्ही अमुक रानात कामास होतो व तेथे वानर मेले होते. या एका वाक्याने डॉक्टराचा तपास योग्य दिशेस लागतो. ताप उतरल्यावर पुन्हा चढल्यास किंवा माणूस असंबद्ध बोलू लागल्यास घटकाभरही दवडू नये.

बागाईतदार बंधूंस आमची आणखी एक विनंती आहे. मजुरांची टोळी बागेत उतरविण्यापूर्वी त्यांस ही माहिती त्यांच्या भाषेत द्यावी. वानर मेल्याची खबर आली असेल तर त्या जागेपासून त्यांस दूर ठेवावे. ताप आलेल्या मजुरास दवाखान्यात पोचवावे आणि त्या दिवसाची हजेरी कापू नये. हजेरी कापली की ताप दडविला जातो, हे गणित साधे आहे. काजूच्या बियांतून वा बोंडूतून हा रोग पसरत नाही. तेव्हा खबर दिल्याने आपल्या मालास बट्टा लागतो, ही समजूत गिऱ्हाइकाच्या व आपल्याही मनातून काढून टाकावी.

प्रत्येक मेलेले वानर माकडतापानेच मरते असे नाही. पुष्कळदा तपासातून काहीच निघणार नाही. तरीही कळविणारा फुकट गेला असे कोणी म्हणू नये. गावाचा जागल्या रात्रभर फिरतो व चोर येत नाही, म्हणून त्याची रात्र वाया गेली असे आपण मानीत नाही. यंदाच्या हंगामात आमच्या वाचकांपैकी कोणास असे दृश्य दिसले, तर त्याने घरी जाऊन हातपाय धुण्यापूर्वी ती खबर पोचती करावी, एवढेच आमचे मागणे आहे.